वाजवून घ्यावं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या घरी आला, तो एक लहानसा खोका छातीशी धरूनच. वय चाळिशीच्या आसपास, नोकरी चांगली, दोन मुलांचा बाप. पण खोका उघडताना चेहरा अगदी दहा वर्षांच्या पोराचा झाला होता. आत व्हिडिओ गेमची एक जुनी कॅसेट. 'काका, अस्सल आहे. जपानी कंपनीची. सात हजार मोजले,' तो म्हणाला.

माझी सगळी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरवर गेली. कुणी 'अस्सल' म्हटलं, की माझी बोटं आपोआप चाळवतात. मी विचारलं, 'आतून पाहिलीस का?' तो म्हणाला, 'उघडली तर किंमत उतरते म्हणतात.' पण माझा प्रश्न त्याच्या डोक्यात राहिला असावा. दुसऱ्या दिवशी फराळाचं ताट बाजूला सारून तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसला. तिथेच पहिली शंका आली. त्या कंपनीच्या बऱ्याच अस्सल कॅसेटींचे स्क्रू वेगळ्या माथ्याचे असतात, घरातल्या साध्या स्क्रू-ड्रायव्हरनं ते फिरत नाहीत. हे मात्र झटक्यात फिरले. आत हिरव्या पट्टीवर कंपनीचं नाव छापलेली चिप हवी होती. तिच्या जागी डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका. नकली मालाची ती ठरलेली खूण. वरचं कवच जुनं, लेबल नवं छापून जुनाट केलेलं आणि आतलं सगळं कालपरवाचं.

पुतण्या हसला, पण ते हसू खरं नव्हतं. मग म्हणाला, 'काका, गंमत बघा. आम्ही लहानपणी खेळायचो त्या कॅसेटीसुद्धा नकलीच होत्या.' ते खरंच आहे. 1990च्या दशकात आपल्याकडे घरोघरी टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम आले, त्यांतले बहुतेक मूळ यंत्राची नक्कल होते. कॅसेटवर लिहिलेलं असायचं '9999 इन 1', आणि प्रत्यक्षात तेच पाच-दहा खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. मुलांना ते ठाऊक होतं, दुकानदारालाही ठाऊक होतं. कुणी तक्रार केली नाही, कारण कुणी 'हे अस्सल आहे' असं सांगितलंच नव्हतं. नक्कल नक्कल म्हणून विकली जात होती. आता तीच नक्कल अस्सल म्हणून विकली जाते. वस्तू तशीच आहे, फक्त तिच्याबरोबर एक खोटं वाक्य जोडलेलं आहे. फसवणूक आहे ती त्या वाक्यात.

आणि हे वाक्य आताच का जोडलं गेलं? कारण भाव आला. 2021च्या जुलैमध्ये अमेरिकेत एका लिलावात 'सुपर मारिओ 64' या 1996 सालच्या खेळाची, वेष्टन न फोडलेली एक कॅसेट 15 लाख 60 हजार डॉलर्सना गेली. तेव्हाच्या दरानं साडेअकरा कोटी रुपयांच्या वर. जी वस्तू खेळण्यासाठी केली, ती कधीच खेळली गेली नाही म्हणून इतकी महाग! जिथे गूळ तिथे मुंगळे. पुढच्याच वर्षी, 2022 साली, 1980च्या सुमाराचे दुर्मीळ संगणक-खेळ जमवणाऱ्यांमध्ये मोठी खळबळ उडाली. त्यांनी आपसांत घेतलेल्या, बदललेल्या कित्येक वस्तूंची लेबलं, खोकी, माहितीपत्रकं नव्यानं बनवलेली निघाली. आणि आरोप आला तो बाहेरच्या कुणा भामट्यावर नव्हे, तर त्यांच्याच वर्तुळातल्या, जाणकार म्हणून सगळ्यांचा विश्वास असलेल्या माणसावर. आपल्याकडे म्हणतात ना, आपलंच नाणं खोटं! तसं झालं.

हे सगळं ऐकताना मला पुतण्याची कीव आली नाही. लाज वाटली, तीसुद्धा स्वतःची. कारण एकदा माझ्याच हातून एक खोटं नाणं पुढे गेलं होतं. तेच आज सांगायचं आहे.

मला जुन्या नाण्यांचा नाद आहे. नाशिकमध्ये राहून तो लागला नाही तरच नवल. नाशिकरोडला 1925पासून सिक्युरिटी प्रेस आणि 1928पासून नोटांचा छापखाना, म्हणजे देशाच्या नोटा आणि तिकिटं इथून निघतात. मराठेशाहीत इथे टांकसाळ होती, तिच्या रुपयावर शहराचं नाव 'गुलशनाबाद' असं आहे. चांदवडलाही टांकसाळ होती आणि चांदवडी रुपया दूरवर चालायचा. अंजनेरीला त्र्यंबक रस्त्यावर 1980च्या दशकात डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या मोठ्या नाणेतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली नाणेशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. सुटीच्या दिवशी स्कूटर काढून मी तिथे जात असे. ओतलेलं नाणं कसं ओळखायचं आणि ठोकलेलं कसं, याचे पहिले धडे मला तिथल्या काचेच्या कपाटांपुढे उभं राहून मिळाले.

पण नाशिकच्या नाण्यांची खरी श्रीमंती समजून घ्यायची, तर जोगलटेंभीला जायला हवं. गोदाकाठचं हे आपल्या जिल्ह्यातलं लहानसं गाव. तिथे 1906 साली जमिनीत चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. एक-दोन नव्हे, 13,250च्या आसपास नाणी! सगळी क्षत्रप नहपान या राजाची. एका बाजूला राजाचं डोकं आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी अक्षरं. सुमारे 1900 वर्षांपूर्वीची. आणि त्यांतल्या 9,000हून जास्त नाण्यांवर दुसऱ्याच एका राजाचा ठसा मारलेला होता. तीन कमानींचा डोंगर आणि चार वर्तुळं जोडलेलं उज्जैनचं चिन्ह. हा ठसा गौतमीपुत्र सातकर्णीचा.

याचा अर्थ काय, तो पाहा. सातवाहन राजानं नहपानाचा पराभव केला. त्याच्या मुलखात चालणारं चलन गोळा केलं आणि त्यावर आपला शिक्का मारून पुन्हा बाजारात सोडलं. पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा जो शिलालेख आहे, त्यात आपल्या मुलानं क्षहरातांचा वंश निखंदून काढला असं ती माउली अभिमानानं सांगते. आईनं मुलाची केलेली स्तुती म्हणून एखाद्यानं ती बाजूला ठेवली असती. पण जोगलटेंभीच्या मातीतून नऊ हजार साक्षीदार बाहेर आले! शिलालेख आणि नाणी एकमेकांना दुजोरा देतात.

आता नीट लक्ष द्या. हा पुरावा कुठल्या एका नाण्यात नाही. तो त्या साठ्यात आहे. तेरा हजारांपैकी नऊ हजार, हे प्रमाण बोलतं. ठसा मारलेली आणि न मारलेली नाणी एकत्र निघाली, हे बोलतं. सगळ्यांवर नाव नहपानाचं, पण चेहरे मात्र एकमेकांशी न जुळणारे, कुठे भरलेले तर कुठे उतरलेले, हेही बोलतं. रेव्हरंड स्कॉट नावाच्या गृहस्थांनी ही नाणी एकत्र पाहून, मोजून मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचं वर्णन छापलं, म्हणून आज आपल्याला हे कळतं. तीच नाणी सापडल्या रात्री दहा जणांनी वाटून घेतली असती, निम्मी मुशीत गेली असती आणि उरलेली एकेक करून विकली गेली असती, तर आज आपल्या हाती काय राहिलं असतं? सुंदर चांदीचे सुटे तुकडे. किंमत होती तेवढीच, कदाचित जास्तच. पण बोलणं बंद.

म्हणूनच 1878च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेलं धन, दहा रुपयांहून जास्त मोलाचं असेल तर, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लोकांना वाटतं, सरकारला आपल्या तोंडचा घास हवा आहे. कायद्यात तसं नाही, सापडणाऱ्याच्या हक्काचा विचारही त्यात केलेला आहे. पण भीतीपोटी लोक सांगत नाहीत आणि मडकं रातोरात फुटतं.

आता माझी गोष्ट. वीस-बावीस वर्षं झाली असतील. पंचवटीत रामकुंडाकडे उतरताना एक फिरता विक्रेता मला ओळखीचा झाला होता. नदीच्या पात्रात नाणी शोधणारी मुलं आपण पाहतोच. सराफ बाजारातल्या गटारीची माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरीही आपल्या गावाला नवीन नाहीत. त्यामुळे 'साहेब, नदीत सापडलं' हे वाक्य नाशिकमध्ये पटकन खरं वाटतं. एके दिवशी त्यानं माझ्या हातावर नहपानाचं नाणं ठेवलं, वर सातकर्णीचा ठसा. चांदी खरी, वजन दोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बरोबर. रंगही जुना. मी दीड हजार रुपये दिले आणि घरी येऊन देवापुढे ठेवलं.

दोन वर्षं ते माझ्याकडे होतं. मग माझ्या ओळखीचे एक शिक्षक, शाळेत इतिहास शिकवणारे, ते पाहायला आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, 'मुलांना पुस्तकात दाखवतो, हातात देता आलं तर!' मला त्या वेळी घराच्या रंगकामासाठी पैसे हवे होते. मी ते नाणं त्यांना दोन हजारांना दिलं. पाचशे रुपये नफा. आणि देताना मी काय म्हटलं? 'सर, आपल्या गोदावरीत सापडलेलं आहे.'

बघा, विक्रेत्याचं वाक्य आता माझं झालं होतं. शिवाय ते माझ्या तोंडून आल्यामुळे जास्त वजनदार झालं. तो पदपथावरचा अनोळखी माणूस आणि मी बँकेतला, नाण्यांतलं कळणारा. पुनर्विक्रीत नेमकं हेच होतं. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते तशी तिची कथा पक्की होत जाते. पहिल्याला माहीत असतं की आपण खोटं बोलतोय. दुसरा शंका घेत नाही. तिसरा शपथ घेतो.

पुढे काही वर्षांनी पुण्याला नाण्यांच्या प्रदर्शनात गेलो होतो. एका टेबलावर मखमलीच्या तबकात नहपानाची तीन नाणी मांडलेली. मी सहज वाकलो आणि अंगावर काटा आला. तिन्हींवर राजाच्या हनुवटीखाली एक बारीक खाच होती. तिन्हींवर सातकर्णीचा ठसा एकाच कोनात, एकाच जागी तिरपा बसलेला. तिन्हींच्या कडेला ब्राह्मीतलं तेच अक्षर तितकंच कापलं गेलेलं. आणि माझ्या, म्हणजे सरांच्या, नाण्यावरही तेच.

यात काय चुकलं, ते सांगतो. जुनी नाणी हातानं ठोकली जात. खाली एक ठसा, मध्ये धातूची चकती, वर दुसरा ठसा आणि त्यावर हातोडा. त्यामुळे एकाच ठशातून निघालेली दोन नाणीसुद्धा हुबेहूब सारखी नसतात. एकात डोकं मधोमध येतं, दुसऱ्यात कडेला सरकतं, तिसऱ्यात अक्षरं बाहेर जातात. त्यावर आणखी दुसऱ्या राजाच्या माणसानं, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या हातोड्यानं ठसा मारला असेल, तर तो चार नाण्यांवर केसभरही न हलता एकाच जागी बसेल कसा? म्हणजे कुणीतरी एका खऱ्या नाण्याचा साचा घेतला होता आणि त्यात चांदी ओतली होती. त्या खऱ्या नाण्याला हनुवटीखाली पडलेली खाच सगळ्या पिलावळीत उतरली. खऱ्या माणसांचे चेहरे वेगळे असतात, चोरलेला चेहरा मात्र एकच असतो.

नंतर मी भिंग घेऊन नीट शिकलो. ओतलेल्या नाण्याच्या पृष्ठावर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात, कारण ओतताना हवेचे बुडबुडे अडकतात. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत असतात. ठोकलेल्या नाण्यात त्या धारदार असतात, झिजल्या तरी त्यांची चढण कळते. कडेवर कानस फिरवलेली दिसली, तर साच्याच्या दोन भागांची शिवण घासून टाकली असावी, अशी शंका घ्यावी. वजन पाहावं. ब्रिटिश अमदानीतला चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे 180 ग्रेनचा. झीज धरूनही त्यात फार फरक पडू नये. काही वेळा सबंध नाणं खोटं नसतं, फक्त एक आकडा खोटा असतो. सहाव्या जॉर्जचा 1939 सालचा चांदीचा रुपया फार दुर्मीळ आहे, 1938चा तेवढा नाही. मग 8चा 9 करणारे कारागीर निघतात. भिंगाखाली तो शेवटचा आकडा बाकीच्या आकड्यांशी ताडून पाहावा.

आणि काही 'नाणी' तर अशी, की त्यांची नक्कल म्हणायचीही सोय नाही, कारण मूळच नाही. राम-सीता-लक्ष्मण आणि मारुती असलेली, वर ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि 1818 किंवा चक्क 1616 हे साल असलेली तांब्याची नाणी तुम्ही पाहिली असतील. मुंबईत कंपनीची टांकसाळच मुळी 1672 सालची. कंपनीनं अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ही अलीकडची, देवघरात ठेवायला म्हणून केलेली पदकं. देवघरात ती असू देत, त्याला कुणाची हरकत नाही. पण 'हे नाणं तांदूळ ओढतं, परदेशात कोट्यवधी मिळतात' असं सांगून त्यांच्यावर लोकांची घरंदारं लुटली गेली आहेत.

आमच्या शेजारच्या आजींचीच गोष्ट घ्या. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची जुनी नोट त्यांच्या पोथीत होती. नातवानं मोबाइलवर जाहिरात वाचून दाखवली, अशा नोटेला लाखो रुपये. फोन केला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. 'आजी, रिझर्व्ह बँकेतून बोलतोय' म्हणाला. आधी नोंदणीचे पैसे, मग कर, मग कमिशन. आजींचे अकरा हजार गेले आणि नोट पोथीतच राहिली. मी म्हटलं, 'अहो आजी, मला तरी विचारायचं!' त्या म्हणाल्या, 'तुम्ही हसला असता.' हे वाक्य मला फार लागलं. फसलेला माणूस गप्प बसतो तो आपल्या हसण्याच्या भीतीनं, आणि त्याच्या गप्प बसण्यावर पुढची फसवणूक पोसते. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे, की ती जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात पडत नाही, असलं शुल्क किंवा कमिशन कधीच मागत नाही आणि तिच्या नावानं ते मागण्याचा अधिकार तिनं कुणालाही दिलेला नाही. हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना प्रत्येकानं एकदा बसून सांगावं.

तर, पुण्याहून परत येताना बसमध्ये मी हिशेब करत होतो. सरांना सांगायचं की नाही? त्यांना काही कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. ते आनंदात होते. दर वर्षी सहलीला मुलांना घेऊन पांडवलेण्यांवर जायचे आणि ते नाणं एकेका मुलाच्या तळहातावर ठेवायचे. चार-पाच वर्षांची मुलं धरली तर दोनशेहून जास्त तळहात झाले. मनातला एक आवाज म्हणत होता, जाऊ दे, धड्यात तर काही चूक नाही ना? दुसरा आवाज बँकेतला होता. काउंटरवर खोटी नोट आली, तर ती ग्राहकाला परत देत नाहीत. ती अडवतात, तिच्यावर शिक्का मारतात. कारण ती पुढे गेली तर कुणा गरिबाच्या गळ्यात पडणार. मी आयुष्यभर हेच केलं होतं, मग स्वतःच्या पाचशे रुपयांसाठी आता डोळे मिटायचे?

घरी न जाता थेट सरांकडे गेलो. दोन हजार रुपये टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ नाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'तुम्हीही फसलातच की.' मी म्हटलं, 'सर, घेताना मी फसलो. पण देताना जे ठाऊक नव्हतं, ते ठाऊक असल्यासारखं सांगितलं. ती चूक माझी.' ते म्हणाले, 'उद्या वर्गात सांगतो.' त्यांचा मोठेपणा बघा, त्यांनी खरंच सांगितलं. आणि एका मुलीनं उभं राहून विचारलं, 'सर, मग नहपानसुद्धा खोटाच का?'

श्रोतेहो, या प्रश्नासाठी मी आज इथे बोलतो आहे. खोट्या नाण्यानं माझे दीड हजार बुडाले, ते काही मोठं नुकसान नाही. पण एक खोटी वस्तू पकडली गेली, की तिच्या शेजारची खरी वस्तूही संशयात सापडते. त्या मुलीच्या दृष्टीनं एका क्षणात दोन हजार वर्षं कोसळली होती. खऱ्यावरचा विश्वास उडणं हे सगळ्यांत मोठं नुकसान. ते कुठल्या लिलावात भरून येत नाही.

सरांनी पुढच्या रविवारी त्या वर्गाला पुन्हा पांडवलेण्यांवर नेलं, मलाही बोलावलं. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं गोवर्धनच्या, म्हणजे आपल्या नाशिकजवळच्या, विणकरांच्या श्रेणींकडे 3,000 कार्षापण ठेव म्हणून ठेवले. 2,000 दरमहा शेकडा एक दरानं आणि 1,000 शेकडा पाऊण दरानं. त्या व्याजातून भिक्षूंना चीवर द्यायचं. मी मुलांना म्हटलं, 'बघा, ही आपल्या गावातली जुनी मुदत ठेव!' मुलं हसली. त्या मुलीनं दगडातल्या अक्षरांवरून, न टेकवता, हवेतच बोट फिरवलं. सर म्हणाले, 'हा दगड कुणी विकत घेतलेला नाही आणि कुणी विकलेला नाही. 1900 वर्षं जागेवरून हललेला नाही. म्हणून याच्यावर विश्वास ठेवायचा.'

जुन्या काळी सरकारी खजिन्यात भरण्यासाठी आलेली नाणी पारखून घेणारा माणूस असे, पोतदार. आज ते फक्त आडनाव राहिलं आहे. तेव्हा दहा टांकसाळींचे दहा रुपये चालत, प्रत्येकाचा बट्टा वेगळा, त्यामुळे पोतदाराशिवाय पान हलत नसे. आता हौसेच्या बाजारात, मग तो नाण्यांचा असो, तिकिटांचा असो की माझ्या पुतण्याच्या कॅसेटींचा, प्रत्येकानं स्वतःपुरता पोतदार व्हायला हवं. नाणं दगडावर वाजवून पाहायची आपली जुनी रीत. नुसत्या आवाजावर आता भागत नाही, कारण खोटं करणारेही चांदीच वापरतात. पण माणसाचं बोलणं वाजवून घेता येतं. हे तुम्हाला कुठून मिळालं? कधी? आधी कुणाकडे होतं? लिहून द्याल का? खोटं निघालं तर परत घ्याल का? या प्रश्नांना जो चिडतो, त्याच्याकडून घेऊ नये. आणि आपण विकताना, जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही, असं सांगावं. भाव थोडा कमी येईल, येऊ द्यावा.

त्या नाण्याचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. मी ते मोडीत टाकलं नाही. सराफ बाजारातल्या एका ओळखीच्या कारागिराकडे नेलं आणि म्हटलं, 'अण्णा, यावर ठळक अक्षर ठोकून द्या, ख. खोटं कळायला हवं.' त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. 'साहेब, हा ख खोट्याचा की खऱ्याचा? उद्या तुमचा नातू विकायला निघाला, तर तो खऱ्याचा म्हणेल!' मला हसू आवरेना. मग त्यांनी छिन्नीनं सबंध शब्दच ठोकला, 'नक्कल'. राजाच्या गालावरून, सातकर्णीच्या डोंगरावरून, आरपार.

ते नाणं आता सरांकडे आहे, फुकट दिलेलं. सर निवृत्त झाले, पण अजून ते मुलांच्या तळहातावर ठेवतात आणि सांगतात, 'हे खोटं आहे. कसं, ते शोधा.' पुतण्याची कॅसेटही त्यानं तशीच ठेवली आहे. मागच्या बाजूला मार्करनं साल घालून 'नक्कल' लिहिलं आहे, आणि त्याची मुलं तिच्यावर मजेत खेळतात.